लेन्सवरची काच

फुलंब्रीच्या त्या लग्नात मांडवात भरपूर दिवे होते, तरी कॅमेऱ्यातून मला सगळं दिवेलागणीसारखं दिसत होतं. नवरदेव मंगळसूत्र घालायला वाकला. मी बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढं-मागं घरघरत राहिली, फोकस काही लागेना. उजव्याऐवजी डावा डोळा लावून पाहिला. तसाच अंधार.

वडिलांची नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. भरदुपारी आईला विचारायचे, "लाइट गेली का गं?" त्यामुळं कॅमेरा बिघडला असेल, हे मला सुचलंच नाही.

"झाला का फोटो?" नवरीच्या मामांनी विचारलं.

"व्हय, झाला."

घरी पाहिलं तर मंगळसूत्राचे सगळे फोटो धूसर. मी कुणालाच सांगितलं नाही. एकेक डोळा झाकून गल्लीच्या टोकाची पाटी वाचायचो. वाचता यायची, पण कालच्यापेक्षा पुसट वाटायची. गाडी चालवायची भीती वाटू लागली. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "जेवत नाय, बोलत नाय, काय झालंय?" मला रडूच आलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आधी कॅमेरा दाखवा. मग डॉक्टरकडं जाऊ, मी येते."

शहागंजात एक म्हातारे चाचा कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांनी लेन्स उजेडात धरली.

"ये लेन्स पुराना लिया क्या?"

"हां, गेल्याच महिन्यात."

"इसपे का काच सादा नहीं है. पोलरायझर है, वो भी पुराने टाइप का."

लेन्सच्या संरक्षणासाठी लावलेली साधी काच, असं मी समजत होतो. चाचांनी ती काढून कॅल्क्युलेटरवर धरून फिरवली, तशी त्याची आकड्यांची पट्टी काळीठिक्कर पडली. उन्हातली चमक कापायला ही काच चांगली, पण निम्म्याहून जास्त उजेड तीच खाते, आणि या जुन्या प्रकारानं माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस गोंधळतो. काचेशिवाय फोकस लगेच लागला.

दुकानाबाहेरूनच मी मामांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "पोरीला तुम्हीच सांगा." मी तिलाही सांगितलं.

तरी डोळ्यांची भीती गेली नव्हती. दुपारी डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकवली.

"डोळ्यांचा दाब ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण वडिलांना काचबिंदू होता ना? दरवर्षी यायचं."

डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळं बाहेरचं ऊन सोसवेना. डोळे मिटून, बायकोचा खांदा धरून मी रिक्षापर्यंत गेलो.