पहिल्या फेरीची जागा

आमच्या शेडमध्ये तयार झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी तिची एक फेरी होते. मुरुडच्या रस्त्याला आमची शेड आहे, तिथून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत. चालवायला कुणीही असो, शेजारच्या सीटवर घरातली बाई बसते, मांडीवर नारळ घेऊन. वाटेत कुणी बोलायचं नाही. बाईनं फक्त ऐकायचं. पत्रा कुठे खडखडतो, कुठला नट सैल आहे, ताडपत्रीचं हूड फडफडतं का. देवळापाशी गाडी थांबली की सासरे विचारतात, "काय ऐकलं?" बाई सांगेल ते आधी दुरुस्त होतं, मग नारळ फुटतो.

ही रीत सासूबाईंनी पाडली. ग्राइंडर आणि हातोड्याजवळ आयुष्य काढून आमच्या घरातल्या पुरुषांचे कान अर्धे गेलेत. सासऱ्यांना तर समोर उभं राहून ओरडावं लागतं. सासूबाई गेल्या आणि ती जागा माझ्याकडे आली. त्याला आता चौदा वर्षं झाली.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर कंधारचं. परक्या माणसापुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, गिऱ्हाईक आलं की मी शिलाई मशीनमागे ताडपत्रीचे तागे उभे असतात त्यांच्या आड जाते. पण त्या फेरीनंतर मी बोलायची आणि सगळे ऐकायचे. माझे मालक, दीर, सासरे, कधी कधी गिऱ्हाईकसुद्धा. "मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यात आवाज हाय," मी म्हणायची आणि मालक लगेच गाडीखाली शिरायचे. वर्षातून पाच-सहा वेळा एवढंच. मला तेवढं पुरत होतं.

आम्ही जुन्या जीपा उघडून नव्यानं बांधतो. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टरसुद्धा रुततो, तिथून निघणारी गाडी लोकांना हवी असते. कुणाचं शेत नाल्यापलीकडे असतं, कुणाला नुसती हौस असते. चेसिस, इंजिन, चाकं हे मालक आणि दीर बघतात. हूड आणि सीटा मी शिवते. मापं मी सुतळीनं घेते. माणसाला तेलाच्या पिंपावर बसवायचं, हातात चहा द्यायचा, आणि तो त्याच्या मनानं बसला की बुडापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरून गाठी मारायच्या. तेवढं मी मान खाली घालून करू शकते. प्रत्येकाची सुतळी माझ्या मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली असते. पूर्वी या सुतळीवरूनच मालक सीटचा सांगाडा आणि पेडलं बसवायचे.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ नांदेडची, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेली. आल्यावर महिनाभरात तिनं शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडलं, कॉम्प्युटर आणला. गाडी बांधायच्या आधीच ती कॉम्प्युटरवर दिसायला लागली, वळवून, उलटी करून. गिऱ्हाईक यायचं ते थेट तिच्या टेबलाकडे. ती हैदराबादच्या माणसाशी हिंदीत बोलायची, पुण्याच्या माणसाशी त्यांच्यासारखं मराठी बोलायची, आणि आमच्याशी आमच्यासारखं. व्हिडिओ करायची. गाडी स्वतः चालवायची. मी तिच्याकडे तिरकं बघत मशीन मारायची, आणि किती वेळा टाका सरळ गेला नाही ते माझं मला ठाऊक.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती मला अक्का म्हणायची, चहा आधी माझ्यापुढे ठेवायची. त्यामुळे माझ्या पोटात जे जळत होतं ते सांगायला कारणच सापडत नव्हतं.

यंदा चैत्रात मी भाचीच्या साखरपुड्यासाठी चार दिवस कंधारला गेले. परत आले तर शेडमधली हिरवी जीप गेलेली. मी विचारलं, फेरी कुणी केली. मालक जेवत होते. म्हणाले, धाकटीनं. ती बसली, नारळ धरला, मोबाइलमध्ये आवाज पण भरून घेतला, आणि पुढचा एक बोल्ट सैल होता तो बरोबर सांगितला. मग भाकरीचा घास मोडत म्हणाले, "बरं झालं. आता तू न्हाई म्हणून काम अडायचं न्हाई."

मी वाढत होते. हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. एवढं सोपं होतं ते? चौदा वर्षं मी जे ऐकत होते ते मोबाइलमध्ये भरता येत होतं?

पुढची गाडी ज्येष्ठात निघाली. त्या दिवशी मी कुठेच गेले नव्हते, नवं लुगडं नेसून नारळ धुऊन ठेवला होता. मालक म्हणाले, "तिलाच बसू दे, तिला यंत्रातलं कळतंय." मी नारळ जावेच्या हातात दिला. ती बसताना हसली. गाडी गेल्यावर मी आत जाऊन मशीनवर बसले आणि शिवायला काही नव्हतं तरी पायडल मारत राहिले.

त्यानंतर देवणीकडचा एक शेतकरी आला. पन्नाशीचा. त्याचा डावा पाय लहानपणी पोलिओत गेलेला, बारीक आणि आखूड. डाव्या मांडीवर हात दाबून तो चालायचा. त्याचा गोठा नाल्यापलीकडच्या रानात होता, देवणी गाई होत्या. पावसाळ्यात तिकडे जायला मोठ्या भावाच्या पोराची वाट बघत बसावं लागायचं. तो म्हणाला, "गाईला बाळंतपणात अडलं तर म्या कुणाच्या पाया पडू? मला माझ्या हातानं जायचंय." त्याला पेडलं त्याच्या पायाच्या मापाची हवी होती.

जावेनं त्याला टेबलासमोर खुर्चीवर बसवलं. टेपनं दोन्ही पाय मोजले, आकडे लिहिले. मोजताना ती म्हणाली, "काका, सरळ बसा जरा." तो सरळ बसला.

नंतर गादीसाठी तो माझ्याकडे आला. मी पिंपावर बसवून चहा दिला. चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत तो उजवीकडे कलला, डावं बूड अर्धं उचललं गेलं, आणि डावा हात आपोआप गुडघ्यावर गेला. जन्मभर तो असाच बसत आला असणार. मी सुतळी धरली, गाठी मारल्या. जाताना तो म्हणाला, "माय, गादी मऊ करा बरं का." मी मान हलवली.

सीटचा सांगाडा गाडीत बसला तेव्हा गादीच्या मापासाठी मी आत जाऊन सुतळी लावून पाहिली. क्लचचं पेडल चार बोटं लांब होतं. सरळ बसलेल्या माणसाला ते बरोबर होतं. त्याचा पाय तिथवर पोचणार नव्हता.

मला सांगायचं होतं. मालक दहा पावलांवर होते. पण मी पाहिलं, ते जावेच्या टेबलाशी वाकून कॉम्प्युटरमध्ये बघत होते आणि तिनं काहीतरी म्हटल्यावर मोठ्यानं हसले. माझ्या बोलण्यावर ते कधी तसे हसले असतील ते मला आठवेना. मी सुतळी परत खिळ्याला लावली. गादी मात्र खोटी शिवता येईना. डावीकडे दोन बोटं जाड भरली, म्हणजे त्याचं बारीक बूड टेकेल. पेडलचं कुणाला बोलले नाही. यंत्रातलं तिला कळतं, तर कळू दे.

आठ दिवस गेले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज तिच्या टेबलाभोवती कुणीतरी असायचं.

गाडी न्यायला तो फेटा बांधून आला. गादी त्याच सकाळी बसवली होती. गाडीला हार घातला होता, शेजारच्या सीटवर जाऊ नारळ घेऊन बसली होती. तो म्हणाला, फेरीला मीच चालवीन, आधी अंगणात एक चक्कर मारून बघतो. तो चढला. गादीवर हात फिरवून खूश झाला. गाडी सुरू केली. क्लच दाबायला त्यानं नेहमीसारखा गुडघ्यावर हात दाबला, पाय अर्ध्यात पोचला आणि पेडलवरून सटकला. गाडी उसळली आणि समोरच्या पाण्याच्या टाकीला जाऊन भिडली. नारळ खाली पडून गडगडत माझ्या पायाशी आला.

कुणाला लागलं नाही. बंपर चेपला एवढंच. त्यानं पुन्हा एकदा करून पाहिलं, गाडी बंद ठेवून. पाय पोचेना. मग तो उतरला. फेटा नीट करत म्हणाला, "तुमचा कुणाचा दोष न्हाई. माझा पायच असला हाय. भावाचं पोरगं चालवील." असं म्हणून तो हसला आणि आपल्याच पायाकडे एखाद्या नकोशा माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मला वाटलं होतं, चुकेल तेव्हा तोंड उतरेल ते जावेचं. त्याच्या पायाचा मी विचारच केला नव्हता.

"तुमचा पाय चांगला हाय," मी म्हणाले. "पेडल चुकलंय. चार बोटं लांब हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासऱ्यांना ऐकू आलं नाही, ते दिराला विचारत होते काय झालं. मी आत जाऊन सुतळी आणली. त्याला पुन्हा गाडीत बसवलं, म्हटलं, सरळ बसू नका, घरी बसता तसं बसा. तो कलला. मी गाठ पेडलपाशी धरली. गाठ आणि लोखंड यांच्यात चार बोटं मोकळी दिसत होती.

जाऊ जवळ आली. तिनं सुतळी पाहिली, मग हात घालून गादीची डावी बाजू दाबली, मग उजवी. पुन्हा डावी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तिला कळलं. अशी गादी एका सकाळीत शिवून होत नाही.

मालक मला म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत जाऊ सासऱ्यांच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "मामा, मापं म्या घेतली. चूक माझी हाय. चार दिवस द्या." मालकांनी मला परत विचारलं नाही.

दुपारी ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"आठ दिवस झाले व्हते ना, अक्का?"

"हाव."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

मी दाभणात दोरा ओवत होते. तो ओवला जात नव्हता. म्हणाले, "माझ्या जागेवर तू बसलीस."

ती म्हणाली, "तुम्ही बसता ते बघत व्हते, पण मला वाटलं घरातलं कुणी बी बसलं तरी चालतंय. ती तुमची जागा हाय हे मला कुणी सांगितलंच न्हाई." मग म्हणाली, "तुम्ही बी न्हाई."

ते खरं होतं. पण त्यानं मला हलकं वाटलं नाही, उलट राग आला. तिनं मुद्दाम घेतली असती तर माझ्याकडे निदान काहीतरी उरलं असतं. आता तिची चूक मापातली, आणि माझी मात्र निराळीच.

चार दिवस ती आणि मालक पेडलाला लागले होते. तिनं माझी सुतळी मागून नेली. नवा दांडा केला, पेडल उचललं, त्याला रुंद पट्टी जोडली, पाय सटकू नये म्हणून कडेला ओठासारखा काठ काढला. दर वेळी मला बोलावून विचारायची, अक्का, गाठ इथंच येते ना. मी हो किंवा नाही म्हणायची. मदत करत होते, आणि तिचा हात किती सफाईनं चालतो ते बघून आतून कुढतही होते.

तो माणूस परत आला त्या दिवशी ती नारळ घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझ्या ओटीत ठेवला. "अक्का बसतील," म्हणाली. सासऱ्यांनी मान डोलावली. मालकांनी दार उघडून धरलं. मी चढले. जागा परत मिळाली होती, पण तिनं दिलेली, आणि ते नारळाच्या वजनासारखं मांडीवर जाणवत होतं.

गाडी निघाली. तो उजवीकडे कलून बसला होता, हात गुडघ्यावर. क्लच पुरा दाबला जात होता. मी ऐकायला लागले. खरं सांगायचं तर मी आवाज शोधत होते. पेडलचा दांडा कुठे घासतो का, पट्टीचा नट कुरकुरतो का. काहीतरी असणारच. नव्या कामात असतंच. रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गाडी गेली, गतिरोधकावरून गेली. मी डोळे मिटून ऐकलं. इंजिन होतं, वारा होता, माझ्याच हुडाची एक पट्टी मागे हलकी फडफडत होती. बाकी काही नाही.

देवळापाशी थांबलो. सासरे, मालक, दीर आणि जाऊ मागून जुन्या जीपमधून आले. सासऱ्यांनी विचारलं, "काय ऐकलं?"

जाऊ दोन पावलं मागे उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला भीती वाटत होती, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हणेन ते होणार होतं. मी पेडलकडे बोट दाखवलं असतं तर मालक खाली शिरले असते, आणि माझ्या कानांवर कुणी संशय घेतला नसता.

मी सासऱ्यांच्या समोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हूड मागं फडफडतंय. ते माझं काम हाय. पेडलाला आवाज न्हाई."

मी तिथेच दाभण काढून चार टाके घातले. मग नारळ फुटला. त्या माणसानं खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा तिच्या. तो देवणीच्या वाटेला लागेपर्यंत आम्ही बघत उभ्या राहिलो. तिनं हळूच विचारलं, "खरंच काही आवाज नव्हता?"

"नव्हता," मी म्हणाले. ते सांगताना मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.