दांडा धरा, तात्या

कुंभारवाड्यात जुन्या ट्रॅक्टरला काँक्रीटचा मिक्सर जोडून फिरणारा हा गृहस्थ माझ्या प्रत्येक आक्षेपाला "व्हय, व्हय" म्हणतो आणि फिरत्या ड्रमकडे कान लावून उभा राहतो. ओढ्यावरच्या मोरीचा स्लॅब टाकला जात असताना मी त्याला आवाजाचा नियम संतापून सांगत होतो. तेवढ्यात गतीचा दांडा घसरला, इंजिन मंदावले. त्याचे दोन्ही हात ड्रम कलता करण्यात गुंतले होते.

"तात्या, कायदा मागनं! वर बसा, दांडा ओढून धरा. ड्रम थांबला तर सिलॅब आर्धाच ऱ्हातोय!"

"हे बेकायदेशीर आहे!"

"व्हय, व्हय. घट्ट धरा."

स्लॅब पुरा झाला. विनापरवाना यंत्र चालवणे हा गुन्हा आहे, हे मी त्याला सीटवरूनच बजावले आणि सावकाश, काहीशा नाखुशीनेच, खाली उतरलो.