हिराने गोळा केलेली पानं

चौदाव्या वर्षी मी एका मेलेल्या मुलीची वही वाण्याला रद्दीत घातली आणि बदल्यात लेमनच्या गोळ्या घेतल्या. घरी येईपर्यंत गोळ्या संपल्याही. एवढी अक्कल त्या दोन वेण्यांच्या मध्ये मावत कशी होती, याचं आज नवल वाटतं. ती वही जिला हवी होती ती माझी मैत्रीण हिरा पाच आठवड्यांपूर्वी गेली. तिच्या मुलीचा, सुनंदाचा, सकाळीच डोंबिवलीला फोन आला, "मावशी, आई गेली," आणि मी विचारलं काय, तर "जेवली होती का गं?"... वय वाढलं तरी वेडेपणा काही सुटत नाही.

एकोणपन्नास साली आम्ही कळव्याला राहत होतो. वडील मिठागराच्या कचेरीत कारकून, आणि हिराचं सगळं घर त्याच मिठागरावर राबणारं. हिरा माझ्याच वर्गात होती, पण तिसरीनंतर तिचं नाव काढलं आणि ती आईबरोबर मीठ ओढायला जाऊ लागली. पायांना चिरा पडायच्या, त्यांत खारं पाणी जायचं. तिची धाकटी बहीण सोनी, पाच वर्षांची, तेव्हा बांधावर माझ्याजवळ बसायची. ही पोरगी प्रश्न विचारायची आणि मी ते वहीत उतरवून घ्यायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ती सहीसारखा एक खेकडा काढायची. पाय कधी पाच, कधी अकरा. उत्तरं मी द्यायची, मोठ्या तोऱ्यात, आणि बहुतेक चुकीची. एक्कावन्न साली सोनी तापाने गेली. चार दिवसांत. तिचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता. तेराव्याला हिराने मला एवढंच विचारलं, "वही हाय ना तुझ्याकडं?" मी म्हटलं, "आहे की."

पुढे मी ठाण्याच्या हायस्कुलात गेले आणि विदुषी झाले. 'मानवी जीवनात शिस्तीचे महत्त्व' या निबंधाला शाबासकी मिळाली. मला शिस्तही ठाऊक नव्हती आणि मानवही. त्या तोऱ्यात एक दिवस ती वही चाळली, पहिल्या पानाच्या समासात लाल पेन्सिलीने 'बालिश' असा शेरा मारला आणि जुन्या गठ्ठ्यात घालून वाण्याकडे पोचवली. आठवड्याभरात हिरा आमच्या दारात उभी. हातात मिरचीपुडीचा सोडलेला कागद, त्यावर खेकडा. "ह्यो सोनीचा हाय ना?" तेव्हा तरी मान खाली घालावी! मी हसले. म्हटलं, "अगं, पोरखेळ होता तो. काय करायचंय आता त्याचं?" तिने कागदाची घडी केली आणि गेली. वाण्याकडे उरली होती ती पानं तिने मागून घेतली, पण निम्मी वही पुड्या होऊन घरोघर पोचली होती. मग कामावरून आली की ती दारोदार फिरायची. "पुडी सोडली का? कागद चुलीत नका टाकू, मला द्या." बाया चेष्टा करायच्या, "कागद खातेस काय गं हिरे?" आमच्याही दारात आली. आईने तिला मोहरीच्या पुडीचा कागद दिला, आणि मी आतल्या खोलीत मोठमोठ्याने भूमिती पाठ करत बसले. एकदाही तिच्याबरोबर फिरले नाही.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, ती कळव्यातच राहिली. बारशाला, लग्नाला भेटायचो. मी नकला करायची, ती पदर तोंडाला लावून हसायची. वहीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी ते परत हसण्यावारी नेईन, याची तिला धास्ती असावी... हे आता कळतंय.

हिराच्या तेराव्याला गेले, तेव्हा सुनंदाने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत ती पानं. हळदीने पिवळी पडलेली, कडा चुरगळलेल्या, अक्षर माझं. 'खेकडा तिरपा चालतो, मग त्याचं घर समोर कसं येतं?' 'ओहोटीचं पाणी जाताना कोणाला सांगून जातं?' खेकड्याच्या प्रश्नावर मी रडणाऱ्या बायांमध्ये बसून खो खो हसले. लिहिलं होतं मीच, पण यातलं अक्षरही आठवत नव्हतं, म्हणून सगळं नवं. सत्तर वर्षं मी नुसती उत्तरं देत आले, मुलांना, सुनांना, नातवंडांना. असला एक प्रश्न मला कधी पडला नाही. मग खालचं पान निघालं. 'मला ताप आला की आई कशाला घाबरते?' आणि त्याखाली माझं ठसठशीत उत्तर: 'कारण आया भित्र्या असतात.'

हसू तिथेच संपलं. सुनंदाला मी सांगून टाकलं, "ही वही मीच विकली होती गं."

ती पानं एकसारखी करत म्हणाली, "ठाऊक हाय, मावशी. पण जी पानं मिळाली नाय, त्यांवर सोनीमावशीनं काय इचारलं होतं? आईला आठवत नव्हतं. शेवटचे आठ दिवस सारखी म्हणायची, तिला इचार, तिनंच लिवलंय. तुम्हाला आठवतं का?"