सहा वाजताची रांग

बुद्धविहाराच्या मागच्या भिंतीशी अकरा कुत्रे असत. सगळ्यांची नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली, आणि त्याची खूण म्हणून प्रत्येकाच्या एका कानाचं टोक कापलेलं. हे काम दोन माणसांनी केलं होतं. एक, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गाव त्यांना सिस्टर म्हणतं. दुसरे, विहारासमोरच्या दुकानातले टेलर. त्यांना सगळे चाचा म्हणतात. सिस्टर खाणं आणि औषधं बघत. चाचा उरलेल्या कापडाचे पट्टे शिवून गळ्यात बांधत, म्हणजे हे कुत्रे मोकाट नाहीत हे लांबून कळावं.

सुरुवातीला संध्याकाळच्या वंदनेत कुत्रे भुंकायचे. लाउडस्पीकर सुरू झाला की तेही सुरू. विहार समितीच्या अध्यक्षांनी तक्रार केली आणि सिस्टरांनी ती मान्य केली. त्यांनी पद्धत घातली: वंदनेआधी थाळ्या भिंतीशी मांडायच्या, पण तिसऱ्यांदा ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणून होईपर्यंत वाढायचं नाही. जो भुंकेल त्याला सगळ्यात शेवटी. काही महिन्यांत अकराही जण आपापल्या थाळीसमोर गप्प बसू लागले. पहिली थाळी एका म्हाताऱ्या कुत्रीची. तिला फिट यायची. गुळाच्या खड्यात दाबलेली गोळी तिला रोज द्यावी लागे. एक दिवस चुकला तरी तिचे पाय ताठ व्हायचे.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. या रांगेची बातमी मी केली. कोण, कुठे, कधी, हे पहिल्या वाक्यात आलं पाहिजे अशी आमची शिकवण. आलं होतं. फोटो चार कॉलमी लागला. चाचांनी कात्रण दुकानात चिकटवलं.

बुद्धपौर्णिमेच्या आधी बाजारात एका मुलीला कुत्रा चावला. तो या अकरांपैकी नव्हता. त्याचा कान पूर्ण होता. पण भीती खरी होती आणि पौर्णिमेला बाहेरगावचे पाहुणे येणार होते. समितीने पालिकेकडे अर्ज केला की परिसरातले कुत्रे हटवावेत. सिस्टरांना कोणी सांगितलं नाही.

पालिकेची गाडी आली त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतो. पुढचं चाचांना, सिस्टरांना आणि नंतर गाडीच्या ड्रायव्हरला वेगवेगळं विचारून लिहितो आहे. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

सहाला वंदना सुरू झाली. सिस्टर आत, हात जोडून. चाचा नमाजाला गेलेले नव्हते, दुकानात मशीनवर होते. मागे गाडी थांबल्याचा आवाज सिस्टरांनी ऐकला. तिचं पत्र्याचं दार वाजलेलंही ऐकलं. वंदना अर्ध्यावर सोडत नाहीत, म्हणून त्या हलल्या नाहीत. आणि एकही कुत्रा भुंकला नाही, म्हणून त्यांना वाटलं, पाण्याचा टँकर असेल. त्या भाकरीची टोपली घेऊन मागे गेल्या तेव्हा तिथे नुसत्या अकरा रिकाम्या थाळ्या होत्या.

नसबंदी झालेला कुत्रा उचलला तर परत त्याच जागी सोडायचा, असा नियम आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रे पकडणाऱ्या ठेकेदाराच्या ड्रायव्हरला गाठलं. कापलेले कान दिसले नाहीत का, असं विचारलं. तो चहा पीत होता.

“दिसले ना,” तो म्हणाला. “पण काऊन चिडता साहेब? तुमीच तं लिहलं होतं. सहा वाजता, भिंतीपाशी, लाइनीनं. आमाले जाळी बी टाका लागली नाही.”

त्याच्या मोबाइलमध्ये माझी बातमी होती. कुणी पाठवली, हे त्याने सांगितलं नाही. कुत्रे कुठे सोडले, हे सांगितलं: उंद्री गावाच्या पुढे, टेकडीपाशी.

आम्ही तिघं गेलो. सिस्टर हाका मारून थकल्या. झुडपांतून काही आलं नाही. मग चाचांनी मोबाइलवर वंदना लावली आणि फोन डोक्यावर धरून रस्त्याच्या कडेने चालू लागले. तिसऱ्या सरणापर्यंत सात कुत्रे आले आणि धुळीत ओळीने बसले. थाळ्या नव्हत्या, तरी बसले. पहिली जागा त्यांनी मोकळी सोडली होती. सिस्टरांच्या मुठीत गुळाचा खडा होता. त्यांनी वंदना पुन्हा लावायला सांगितली. नंतर आणखी एकदा. मग मूठ उघडून त्यांनी तो खडा दगडावर ठेवला.

आम्ही आणखी तीन दिवस गेलो. म्हातारी मिळाली नाही. बाकीचे तिघंही नाहीत.

ज्या ओठांनी समिती रोज प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं शील घेते, त्याच ओठांनी अध्यक्ष मला म्हणाले, “आम्ही फक्त अर्ज केला होता.” हे वाक्य मी बातमीत जसंच्या तसं घेतलं. बातमी आतल्या पानावर आली आणि त्यातून हे वाक्य गळालं होतं. मी संपादकांना फोन केला. जागा नव्हती, ते म्हणाले. पहिल्या बातमीला जागा होती.

सात कुत्रे आता भिंतीशीच राहतात. सिस्टरांनी थाळ्या काढून टाकल्या. जेवण दुपारी कधीही, कुठेही, रोज वेगळ्या वेळी. कुणी बसलं तर त्या त्याला उठवतात. संध्याकाळी लाउडस्पीकर लागला की सातही जण भुंकतात. परवा अध्यक्ष मागे आले आणि म्हणाले, बाई, वंदना चालू आहे, यांना जरा आवरा.

सिस्टर भांडं घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“भुकू द्या त्यायले,” त्या म्हणाल्या. “चूप राहून पाह्यलं त्यायनं.”