विहिरीकडचं दारं

सप्टेंबरात, गुरुवारी, दादा सोलापूरच्या दवाखान्यात वारला. त्या दिवशी बेंबळीला आमच्या शेतात पुराचं पाणी होतं.

दादा माझा थोरला भाऊ. तो शेती बघायचा, मी पुण्यात ग्रंथालय. त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी पुण्याला परतलो, तो पुन्हा गावाकडे थेट मे महिन्यात निघालो, वहिनींचा फोन आला म्हणून. विहीर तळाला गेली होती. म्हशी घेऊन इथेच राहायचं की उमरग्याला लेकीकडे जायचं, ते येऊन बघून सांगा, असं त्या म्हणाल्या.

धाराशिवहून बेंबळीच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. गेल्या साली पाऊस कसा झाला, असं मी विचारलं. "लई पडला अन् पुरला न्हाय," ते म्हणाले. याचा अर्थ लावण्यात माझा थांबा गेला. पुढे उतरून उन्हात मागे चालत आलो. काळ्या रानाला तळहात जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि त्याच रानाच्या तारेच्या कुंपणाला गुडघ्याएवढ्या उंचीवर पुरात अडकलेलं गवत वाळून लटकत होतं. दोन्ही गोष्टी एकाच शेताच्या आहेत हे डोळ्यांना पटेना.

वहिनींनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) वाढली. मग आम्ही शेतात गेलो. शेजारचे लिंबाजीकाका बांधावर बसले होते. त्यांनी जय भीम घातला.

सोयाबीनमध्ये पाणी साचू लागलं तेव्हा दादाने ते ओढ्याला काढून द्यायला चर खणला होता. पुढे त्याच चराला विहिरीकडे एक फाटा काढला, वाटेत गाळ बसायला खड्डा केला. रान निथळलं की उरलेलं पाणी विहिरीत मुरवायचं, असा त्याचा बेत. तो फाटा आता दगडमातीने गच्च बुजलेला होता.

हा कुणी बुजवला, मी विचारलं.

"तुमीच सांगितलं की," लिंबाजीकाका म्हणाले.

मी सांगितलं होतं. दवाखान्यातून, फोनवर, नीट समजावून, की दादाला विहिरीकडची वाट कायमची बंद करायची आहे.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ते नेमकं काय म्हणले होते?"

मला शब्द न् शब्द आठवत होता. "विहिरीकडचं दारं मोडायला सांग."

लिंबाजीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दारं मोडायचं म्हणजे फाट्याच्या तोंडचा मातीचा बांध फोडून पाणी तिकडं वळवायचं, बंद करायचं न्हाय, असं त्यांनी मला हळू आवाजात समजावलं. मोडणं म्हणजे नष्ट करणं, एवढंच मला ठाऊक होतं.

"एवढी पुस्तकं वाचली," वहिनी म्हणाल्या, "अन् दारं कळंना व्हय."

दारं मोडलं असतं तर आज विहिरीला पाणी असतं का, असं मी काकांना विचारलं.

"पयल्यासारखा रिमझिम असता तर असतं. त्या पावसात गाळानं विहीरच बुजली असती बी. कुणाला ठावं."

मी वहिनींकडे पाहिलं. राहायचं की जायचं, ते सांगायला त्यांनी मला बोलावलं होतं. त्यांनी खोरं उचलून माझ्या हातात दिलं.

"ते म्हणले होते ना? मंग मोडा."

आम्ही तिघांनी दुपार उतरेपर्यंत फाटा मोकळा केला. तळहाताला फोड आले. कोरड्या चरातून विहिरीपर्यंत वाट झाली, आणि तिच्यातून वाहायला काहीच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब जुळवत राहिलो. माझ्या चुकीने विहीर आटली, की माझ्या चुकीने ती वाचली? दादा असता तर त्यालाही सांगता आलं असतं का, हेही मला कळत नाही. त्याचं शहाणपण ज्या पावसावर बेतलेलं होतं, तो पाऊसच तसा येत नाही.

आता पावसाळा लागलाय, विहिरीत गुडघाभर पाणी आहे. म्हशी उमरग्याला गेल्या. वहिनी बेंबळीतच आहेत.