सात अक्षरांचे इनासमास्तर

इनासमास्तरांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या घरी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलो होतो. "सर, मास्तर गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगतो, माझ्या मनात आधी आलं, झोपले नसतील, कविता जुळवत असतील... अशा बातमीवर असं काही सुचावं याची लाज वाटली, पण तो दोष माझा नाही, त्यांचा.

गास गावचे इनासमास्तर आणि मी एकाच शाळेत वीसेक वर्षं शिकवलं. ते भूगोल, मी मराठी. तरुणपणी फादर व्हायचं म्हणून ते दोन वर्षं सेमिनरीत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या आयरिश फादरांनी त्यांना आपल्या देशातली जुनी कविता शिकवली. मास्तरांनी सेमिनरी सोडली, लग्न केलं, ती कविता मात्र सुटली नाही. ओळीत सातच अक्षरं, यमकाची कडक शिस्त, आणि कविता ज्या शब्दानं सुरू झाली त्याच शब्दावर संपली पाहिजे. नाहीतर दार उघडं टाकून गेल्यासारखं. हे सगळं ते मराठीत करत. मी चिडवायचो, "मास्तर, आपल्याकडे ओवी आहे, अभंग आहे, हे आयर्लंडचं लोढणं कशाला गळ्यात?" ते म्हणत, "सर, सोपं असतं तर तुम्हीच नसतं का केलं?"

ते जुने कवी म्हणे अंधाऱ्या खोलीत, पोटावर दगड ठेवून, पडल्या पडल्या कविता रचत. मास्तरही चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, झाली की खिडक्या लावून, पोटावर वरवंटा घेऊन आडवे होत. आणि वहिनींना नेमका तेव्हाच मसाल्याला वरवंटा लागे. एकदा शेजारणीनं दाराच्या फटीतून पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, पोटावर दगड! तिनं धावत जाऊन फादरांना आणलं. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन फादरांनी प्रार्थना सुरू केली, तसे मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "फादर, एक यमक राहिलंय. ते झालं की मरतो."

शेवटचा शब्द ते आधी कधीच लिहीत नसत. ज्याच्यासाठी कविता, त्याला समोर बसवून ती म्हणत, तो शब्द तोंडानं उच्चारत आणि मगच वहीत उतरवत. माझ्या निवृत्तीची कविता त्यांनी स्टाफरूममध्ये अशीच पुरी केली. विहिरीवर लिहिलं, केळीवर लिहिलं. वहिनी एकदा म्हणाल्या, "सर, तुम्हीच विचारा यांना. केळीवर लिहिलं, माझ्यावर कधी लिहिणार?" मास्तर नुसते हसले. मला त्या हसण्याचा रागच आला होता.

मास्तर जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी वही पुढे केली. "मला यांचं अक्षर लागत नाही. शेवटचं काय लिहिलंय ते वाचा." शेवटच्या पानावर कविता होती... 'थांब जरा दाराशी, टोपली ठेव खाली...' पहाटे भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या बायकोला नवऱ्यानं मारलेली हाक. चाळीस वर्षं वहिनींनी ती टोपली वाहिली आणि मास्तर तेव्हा अंथरुणात असत. मी वाचत होतो, त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. शेवटी आलं, 'बाजार आहे लांब, घडीभर तू...' आणि पुढे कोरी जागा. वहिनींना ऐकवायचं राहूनच गेलं होतं. शब्द कोणता ते मला ठाऊक होतं, पेनही खिशात होतं. पण तो उच्चारणारा मी कोण?

"संपली?" वहिनींनी विचारलं.

"एक शब्द राहिलाय. सुरुवातीचाच."

त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग मास्तरांच्या रिकाम्या खाटेकडे वळून, माणूस अजून तिथंच असल्यासारखं, हळूच म्हणाल्या, "थांब."