चंद्रीची घंटी

मायचा फोन आला तेव्हा मी पुसेगावात शेळ्या टोचत होतो. पावसाळ्याआधीची लस होती. शाळेमागच्या पटांगणात मालक आपापली जनावरं धरून उभे होते. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात शेळीची मान, म्हणून फोन खांद्यात दाबून धरला. "आबा गेले," माय म्हणाली. "बाजंवर निजले ते उठलेच न्हाईत. घाई करू नको, गाडी हळू आण." मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि राहिलेल्या अकरा शेळ्या टोचल्या. नंतर चार जणांनी मला विचारलं, की बाप गेल्याचं कळल्यावर तुझे हात चालले कसे? हात चालू होते, ते चालू राहिले, एवढंच. आता सव्वा महिना झालाय. रडू अजून आलेलं नाही, आणि यावं म्हणून मी बसूनही राहिलेलो नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण खेड्यापाड्यात मलाच डॉक्टर म्हणतात आणि मीही दुरुस्ती करत बसत नाही. आबा मला चारचौघांत "आमचा ढोराचा डाक्टर" म्हणायचे, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमचं गाव गोरेगावपासून चालत तासाभराच्या अंतरावर. आबांनी जन्मभर मेंढ्या राखल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण दिवस मावळताना मेंढ्यांच्या वाड्याच्या झोपाट्याशी, म्हणजे काट्याकुट्यांच्या दाराशी, उभे राहून आत शिरणारी एकेक मेंढी बघायचे आणि कोणती मागं राहिली ते नावानिशी सांगायचे. मेंढ्यांच्या कळपात पाच-सहा शेळ्या ठेवाव्या लागतात. मेंढी आपणहून पुढं होत नाही, पुढच्याच्या मागं जाते. म्हणून एक जाणती शेळी म्होरकी करतात आणि तिच्या गळ्यात घंटी बांधतात. आमची म्होरकी चंद्री. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या गळ्यातली पितळी घंटी माझ्या आजोबांच्या वेळची. घंटीची जीभ कधीतरी तुटून पडली, तेव्हा आबांनी आत सायकलचा एक नट तारेनं अडकवला. त्यामुळे ती इतर घंट्यांसारखी किणकिणायची नाही, ठक ठक असा जाड आवाज करायची. त्या आवाजाची मला लहानपणी लाज वाटायची.

बाप म्हातारा होताना बघणं हा काही हळवा अनुभव नसतो, निदान माझा नव्हता. माझा बहुतेक वेळ चिडण्यात गेला. मी सेनगावला राहायचो, शनिवारी-रविवारी गावाकडे यायचो, आणि दर खेपेला आबांचं काहीतरी नवं निघायचं. ताटावर पाय द्यायचे. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला ओळख न देता आत जायचे आणि मग तो पाहुणा चारजणांना सांगायचा, की पोरगं नोकरीला लागल्यापासनं म्हाताऱ्याला माज आलाय. एकदा त्यांनी चहाचा कप पुढं केलेल्या बशीच्या बाजूला, थेट हवेत ठेवला. फुटला. मी म्हणालो, "आबा, म्हातारचळ लागला का तुमाला?" मायनं खाली बसून काचा वेचल्या. मला तेव्हा वाटलं, ती मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीये. ते खरंच होतं.

त्याच सुमाराला मी एक शहाणपणा केला. आबा मेंढीच्या पाठीवरून, कानावरून हात फिरवून तिचं नाव सांगायचे. पूर्वी बघून सांगायचे, आता हात लावून सांगायला लागले होते. मी याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पारंपरिक ज्ञान म्हणतात ते हेच, असं चहा पिताना मोठ्या ऐटीत सांगितलं. साहेबांनीही मान डोलावली. जनावराच्या डोळ्यात टॉर्च मारून बघणं हे माझं रोजचं काम. माणूस बघायच्याऐवजी चाचपायला का लागला, हा प्रश्न मला पडला नाही.

आणि मग चंद्री. तिला बारावं चालू होतं. दोन वर्षांत व्यायली नव्हती, समोरचे दात झिजून खुंट राहिले होते. शेळीचं वय मी दातांवरून ठरवतो आणि पुढचा निर्णयही बहुधा तिथंच होतो. एका शनिवारी आबा लग्नाला गेले होते. हमीदभाई जनावरं घ्यायला गावात आले होते. गोरेगावचे हमीदभाई आमच्या घराशी तीस वर्षांपासून व्यवहार ठेवून होते. त्यांनी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि ते थांबले. "चाचा को पूछे क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हां, पूछा." एवढंच खोटं. दोन शब्दांचं. त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, मग आपली दोरी तिला अडकवली. आमच्याकडे जनावर विकलं तरी गळ्यातलं काही देत नाहीत, दावं आणि घंटी घरी राहते. मी घंटी सोडून घेतली. चंद्री टेम्पोत चढताना अडली नाही.

आबा संध्याकाळी आले तेव्हा मी सांगून टाकलं, की भाकड झाली होती, वैरण खात होती, विकली. मला वाटलं भांडतील. भांडणाची तयारी मी करून ठेवली होती. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "घंटी ठेवली ना?" मी घंटी त्यांच्या हातात दिली. ते ती अंगठ्यानं पुसत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती एका तरण्या शेळीच्या गळ्यात बांधली आणि रोजच्यासारखा कळप काढला. मी सेनगावला परत गेलो. काम उरकल्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी दिवस कलताना मायचा फोन आला, की मेंढ्या निम्म्या आल्या, आबा आले नाहीत. मी मोटारसायकल काढली आणि रस्ताभर मनातल्या मनात त्यांना बोलत गेलो. ज्या माळावर माणूस साठ वर्षं फिरला तिथं चुकतो म्हणजे काय. ओढा ओलांडून, आमचा माळ डाव्या हाताला सोडून, पार उलट्या दिशेच्या तुरीच्या रानात मला ती घंटी ऐकू आली. ठक ठक. तुरी डोक्याच्या वर गेलेल्या. आत शिरलो तर तरणी शेळी शेंडे ओरबाडत होती, दहा-बारा मेंढ्या भोवती होत्या, आणि आबा तिच्याजवळ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. गालावर ओरखडे, धोतर फाटलेलं. मी जवळजवळ ओरडलोच, "आबा, हिकडं काहून आलात तुमी?"

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे.

"घंटी हिकडंच आली," ते म्हणाले.

ताट, कप, पाहुणे, मेंढ्यांवरून फिरणारा हात… सगळं एकामागोमाग एक येऊन बसलं. आबा मेंढ्या राखत नव्हते. चंद्री आबांना राखत होती. सकाळी ती माळावर न्यायची, संध्याकाळी घरी आणायची, आणि हा माणूस तिच्या घंटीमागं चालत गावाला दिसत राहायचा तसाच, पूर्वीसारखा. त्याचे डोळे मी टेम्पोत चढवून दिले होते.

आठवड्याभरात मी हमीदभाईंकडे गेलो. चंद्री कळमनुरीच्या बाजारात पुढं गेली होती. पुढं म्हणजे कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "मैं तो पूछा था, साहब," ते म्हणाले. एरवी ते मला बेटा म्हणायचे.

नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेनं खात येतो आणि खाल्लेली परत देत नाही. डॉक्टर तरुण होते, त्यांना राग आला. एवढी नजर जायला वर्षं लागतात, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "पोराच्या लक्षात व्हतं साहेब. तो बोलवून राहिला होता, मीच आलो न्हाई." डॉक्टर त्यांना रागावले. आबांनी ते ऐकून घेतलं. त्यांच्या मांडीवर टोपी होती, ती ते नीट घडी करत होते. मला तिथंच सांगता आलं असतं की हे खोटं आहे. मी थेंबांची चिठ्ठी घेतली आणि बाहेर आलो. घरी आल्यावर मायला विचारलं, तुला माहीत होतं का? म्हणाली, "मी रोज भाकर त्याह्यच्या हातात देते. ताटात न्हाई ठेवत. तू कवा पाहिलं न्हाई?" मग म्हणाली, "तुला सांगू नको म्हणले. पोरगं कळप मोडायला लावीन म्हणले." त्यांचा अंदाज बरोबर होता. कळप मोडावाच लागला. मेंढ्या चुलतभावाच्या कळपात घातल्या. आबा ओट्यावर बाज टाकून बसायला लागले, आणि मग खरोखर म्हातारे झाले, महिन्याभरात, बघता बघता.

फिरायला न्यावं म्हणून मी हात पुढं केला की ते झटकायचे. "हात धरून चालायला मी काय लेकरू हाये?" गावानं आपल्याला धरून नेताना बघावं हे त्यांना नको होतं. घंटी दाराशेजारच्या खुंटीला होती. एका रविवारी तिची तार घट्ट करायला म्हणून मी ती काढली आणि अंगणात आलो. हातात वाजली. मागं बाज करकरली. आबा उठून उभे होते, पायात चपला घातलेल्या, काठी हातात. "चाल," ते म्हणाले. काय करायचं ते मला कळलं होतं आणि जरा विचित्रही वाटत होतं. घंटी उजव्या हातात लोंबती धरली आणि चालायला लागलो. मागं दहा पावलांवर काठीचा आवाज येत राहिला. बंधारा, ओढा, माळ. रस्त्यात भेटलेल्यांना वाटलं असेल, म्हातारा पोराच्या मागं मोकळा चालून राहिलाय. तेच वाटावं म्हणून तर सगळं होतं. माळावर पोचल्यावर ते दगडावर टेकले, दम खाल्ला आणि म्हणाले, "तिच्यापेक्षा जोरात चालतो तू."

त्यानंतर दीड वर्ष, दर रविवारी. मी हळू चालायला शिकलो. याआधी आबांशी माझं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि झालं तेही पाठमोरं. समोरासमोर जे जमत नव्हतं ते पाठ करून जमायचं. एकदा ओढ्याच्या अलीकडे मी बोलून टाकलं, "आबा, हमीदभाईला मी खोटं सांगितलं व्हतं. तुमाला इचारलं म्हणून." बोलताना मी थांबलो असणार. मागं काठीही थांबली. पाण्याचा बारीक आवाज येत होता… मला वाटलं, आता ते बोलतील, काहीही बोलतील, शिवी दिली तरी चालेल.

"काहून थांबला?" आबा म्हणाले. "वाजव ना."

मी वाजवली. आम्ही ओढा ओलांडला. त्यांनी मला माफ केलं की नाही, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. पुढच्या रविवारी ते माझ्या आधीच चपला घालून बसले होते, एवढं सांगतो.

गेल्या रविवारी गावाकडे गेलो होतो. दिवस झाले, पाहुणे गेले, घर मोकळं झालं. घंटी खुंटीला होती. खुंटी खाली आहे, आबांचा हात न चाचपता पोचावा इतकी. मी ती काढली आणि निघालो. बंधाऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की मी त्यांच्याच चालीनं चाललोय. ओढ्याशी नेहमीसारखा थांबलो, मागच्याला गाठू द्यावं म्हणून. मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं वाजवली आणि पाणी ओलांडलं. माळावरच्या दगडावर बसलो नाही, ती त्यांची जागा. तसाच परतलो.

माय ओट्यावर चहा घेऊन बसली होती. वळणावर घंटी ऐकू आली की चहा टाकायचा, ही तिची दीड वर्षाची सवय. दोन कप भरलेले होते. तिनं कपांकडे बघितलं आणि म्हणाली, "वाजली अन् मी टाकला. दोघाचा पडला." ती स्वतः चहा पीत नाही. मी एक कप उचलला. दुसरा तिथंच राहिला, त्यावर साय धरेपर्यंत. मग मी तिला विचारलं. तिला असं काही मी कधीच विचारलेलं नव्हतं. "माय, तुला नीट दिसतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, अगदी तोंडाजवळ तोंड आणून.

"दिसतं की," ती म्हणाली. "तुह्या कानामागं सारं पांढरं झालं. म्हातारा व्हायला लागला तू."